पाचव्या घरातली नेवरी

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, संध्याकाळी वाड्यावर म्हणजे वस्तीत आरत्या सुरू झाल्या की माणसं एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात. घुमट-शामेळ या वाद्यांच्या तालावर आरत्यांमागून आरत्या होतात आणि निघताना प्रत्येक घरी हातात बशी येते. त्यात एक नेवरी म्हणजे करंजी, एखादा लाडू, मूठभर चिवडा आणि सोबत पेल्यात काहीतरी रंगीत, फसफसणारं. पहिल्या घरातली नेवरी आपण भुकेने खातो, दुसऱ्या घरातली चवीने. पाचव्या घरात पोचेपर्यंत भूक संपलेली असते आणि चवही ओळखीची झालेली असते, तरी ती खाल्ली जाते. हा लेख त्या पाचव्या नेवरीबद्दल आहे. पहिलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

गोव्यात या विषयाकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं, त्याला कारण आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं. २० वर्षांवरच्या लोकसंख्येत देशभरात ते ११.४ टक्के होतं आणि गोव्यात २६.४ टक्के. म्हणजे चार मोठी माणसं पंगतीला बसली तर त्यातल्या एकाला मधुमेह असण्याची शक्यता आहे, आणि त्या एकाला ते ठाऊक असेलच असं नाही. हे प्रमाण सणांमुळे वाढलेलं नाही. सण वर्षातून थोडेच दिवस असतात. रोजचं खाणं, बैठी कामं, वाढतं वय आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण ज्याच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद आधीच कमी झाली आहे, त्याला सणाचा दिवस जड जातो.

पोट भरल्याचं कळतं कसं, आणि सणाला का कळत नाही

जेवताना दोन गोष्टी घडतात. जठर ताणलं जातं आणि तो ताण मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतो. अन्न पुढे आतड्यात सरकू लागलं की आतड्याच्या पेशी काही संप्रेरकं सोडतात आणि तीही मेंदूला ‘आता पुरे’ असं सांगतात. त्यातल्या एकाचं नाव जीएलपी-१. वजन आणि मधुमेहासाठी हल्ली ज्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे, त्यातली बरीचशी याच संप्रेरकाची नक्कल करतात. हा सगळा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. शरीराचा हा ब्रेक चांगला आहे, फक्त तो दाबल्यावर गाडी लगेच थांबत नाही.

सणाच्या दिवशी या यंत्रणेला बगल देणाऱ्या तीन गोष्टी एकदम जुळून येतात. पहिली म्हणजे विविधता. दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी नरकासुर जाळून झाला, अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं की गोव्यातल्या घरांत पोहे म्हणजे फोव मांडले जातात. दुधातले, ताकातले, गूळखोबऱ्याचे, नारळाच्या रसातले, बटाटा घालून फोडणीचे असे त्यांचे प्रकार. जिन्नस एकच, तांदूळ चेपून केलेले पोहे. पण गोड पोह्यांची एक वाटी संपल्यावर जो माणूस तीच वाटी पुन्हा घ्यायला नाही म्हणेल, तोच ताकातल्या पोह्यांची वाटी आनंदाने घेतो, आणि मग फोडणीच्यांची. कारण एकाच चवीचा कंटाळा त्या चवीपुरताच येतो. चव बदलली की भूक परत आल्यासारखी वाटते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगांतून दाखवलं. खाल्लेल्या पदार्थाची गोडी उतरते, न खाल्लेल्याची तशीच राहते, आणि ताटात प्रकार जास्त असले की माणूस एकूण जास्त खातो. ‘पोट भरलंय, पण गोडाला जागा आहे’ हे आपलं पंगतीतलं वाक्य थट्टेचं वाटतं, पण त्यामागे हेच शास्त्र आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकी संशोधकाने लोकांकडून खाण्याच्या रोजनिशा लिहून घेतल्या. त्यातून दिसलं की माणसं एकट्याने खातात त्यापेक्षा चारचौघांत बरंच जास्त खातात, आणि परक्यांपेक्षा घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर जास्त. याचं मुख्य कारण अगदी साधं आहे: गप्पांमुळे माणूस ताटावर जास्त वेळ बसतो, आणि जोवर बसलेला असतो तोवर हात चालू असतो. मुंबईहून आलेला चुलतभाऊ वर्षभराच्या गोष्टी सांगत असतो आणि मधे ठेवलेल्या चकल्यांची बशी कोणी संपवली हे कुणालाच सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट आग्रह. त्याबद्दल पुढे.

साखर एकावर एक कशी चढते

निरोगी माणसात जेवणानंतर रक्तातली साखर साधारण अर्ध्या ते एका तासात वर जाते आणि दोन-तीन तासांत पूर्वपदावर येते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, स्नायू आणि यकृत साखर आत घेतात, काम संपतं. आता आरतीची फेरी आठवा. पहिल्या घरातली साखर वर जात असतानाच दुसऱ्या घरातली नेवरी येते. ती उतरण्याआधी तिसरी. ज्याचं इन्सुलिन पुरेसं आहे तो हे निभावून नेतो. ज्याचं अपुरं आहे किंवा नीट काम करत नाही, त्याची साखर संध्याकाळभर खाली यायला सवडच मिळत नाही. म्हणून एका बैठकीत दोन नेवऱ्या खाऊन थांबणं हे पाच घरांत एकेक खाण्यापेक्षा बरं, एवढं यातून कळलं तरी खूप झालं.

पेल्यातल्या पेयाचा हिशोब तर कुणी करतच नाही. साध्या कोला पेयात १०० मिलिलिटरला साधारण १०.६ ग्रॅम साखर असते. प्रत्येक घरी १५० मिलिलिटरचा पेला धरला तर पाच घरांत सुमारे ८० ग्रॅम साखर होते, म्हणजे चहाचे सोळा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की वरून घातलेली साखर, मध, रस वगैरेंतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे ५० आणि २५ ग्रॅम पडतं. म्हणजे नेवरीला हातही न लावता केवळ पेल्यांनी मर्यादा ओलांडली. शिवाय प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही. माझं स्पष्ट मत असं की सणात एकच गोष्ट सोडायची असेल तर हे पेले सोडावेत. त्यांच्यामागे ना कुणाच्या आजीची कृती आहे, ना कुणाचे कष्ट. कुणाला वाईटही वाटत नाही. पाणी मागितलं तर पाणी मिळतं, आणि गोव्यात शहाळं किंवा ताक मिळणं कठीण नाही.

आता गुळाबद्दल. पातोळ्यांत गूळ, मणगण्यात म्हणजे चणाडाळीच्या खिरीत गूळ, आणि ‘गूळ आहे, साखर नव्हे, खा’ हे वाक्य दर घरी. गुळात थोडं लोह आणि इतर खनिजं असतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो जवळपास तेवढ्याच वेगाने वाढवतो. मधुमेही माणसाला गुळाची सूट नाही. पातोळीला वेगळ्या कारणाने गुण देता येतात. हळदीच्या पानात ती वाफवली जाते, त्यामुळे तळणाचं तेल तिच्यात नसतं. नेवरीत पिठी आणि सारण यांच्याशिवाय तेलही येतं, आणि तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी असतात. पिठाला आणि साखरेला चार. आकारावर अवलंबून आहे, पण मध्यम नेवरी दीडशे कॅलरीच्या आसपास धरायला हरकत नाही. दोन्ही पदार्थ समोर असतील तर पातोळी उचला, तीही गरम असताना. गार पातोळी खाणं हे तिच्यावर आणि स्वतःवर दोन्हीकडून अन्याय करणं आहे.

तळणाऱ्यांसाठी एक बारकावा. पदार्थ तेलात असताना त्यातल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत शिरू देत नाही. बरंचसं तेल आत शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर, तो निवू लागला की. म्हणून नेवरी कढईतून काढल्या काढल्या झाऱ्यावर निथळून कागदावर उभी ठेवली तर फरक पडतो. परातीत एकावर एक रचल्या तर खालच्या नेवऱ्या वरच्यांचं तेल पितात. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर तळायला वेळ लागतो आणि नेवरी तेलकट होते.

पानात आधी काय उचलायचं

चवथीचं गोव्याचं जेवण नीट पाहिलं तर ते वाईट नाही. खतखत्यात मुळा, शेवगा, भोपळा, कोवळा मका, सुरण, रताळं, तूरडाळ. मुगागाठीत मोड आलेले मूग. कुठे तांबडी भाजी, कुठे काकडीची कोशिंबीर, कुठे काळ्या वाटाण्याची उसळ. चोथा आणि प्रथिनं दोन्ही भरपूर. अडचण इतकीच की आपण त्यांना तोंडी लावणं समजतो आणि भातापासून सुरुवात करतो. त्यात सणाचा भात सुरयचा. रोज उकडा खाणारं घरही त्या दिवशी पांढरा भात शिजवतं. उकड्या तांदळाची साखर तुलनेने सावकाश रक्तात उतरते, सुरयची भराभर. म्हणजे ज्या दिवशी पानात गोड सर्वांत जास्त, त्याच दिवशी भातही वेगाने साखर वाढवणारा.

क्रम बदलला तर काय होतं, यावर न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोग झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात टाइप-२ मधुमेहाच्या ११ रुग्णांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा आधी ब्रेड आणि रस, मग भाजी आणि मांस. दुसऱ्यांदा आधी भाजी आणि मांस, मग ब्रेड आणि रस. दुसऱ्या क्रमात तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली. प्रयोग लहान आहे, जेवण अमेरिकी आहे, हे लक्षात ठेवायचं. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. चोथा आणि प्रथिनं आधी गेली की जठर सावकाश रिकामं होतं, जीएलपी-१ लवकर सुटतं, आणि मागून आलेला पिष्टमय पदार्थ रक्तात एकदम लोटला जात नाही.

चवथीच्या पानावर याचा अर्थ असा की बसल्यावर आधी मुगागाठी, उसळ, कोशिंबीर, पालेभाजी यांवर चांगला ताव मारा. खतखत्यातलं सुरण आणि रताळं पिष्टमयच असतं, म्हणून शेवगा, मुळा, भोपळा आधी. मग भात, रोज घेता त्यापेक्षा एक डाव कमी. मणगणं शेवटी, लहान वाटीत. मणगण्यात चण्याची डाळ असते ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस ही दुसरी बाजू. फोवांच्या सकाळीही हेच: आधी काळ्या वाटाण्याची उसळ, नंतर पोहे, आणि प्रत्येक प्रकाराचा एकेक डाव मिळून एकच वाटी व्हावी. पाच प्रकार चाखायला पाच वाट्या लागत नाहीत.

नारळाचा प्रश्न गोव्यात कुणी विचारला की लगेच भांडण होतं. खोबरं वाटून घातलं तर चोथा आत राहतो. रस काढून चोथा टाकला की उरते ती मुख्यतः चरबी, आणि खोबरेल तेलातली जवळजवळ ९० टक्के चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी असते. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांनी रसाचे पदार्थ मोजून घ्यावेत. बाकीच्यांनी सणाच्या दिवशी नारळावरून घरात वाद घालू नये.

उपाशी राहून पंगतीला जाणं

‘दुपारी जेवायला जायचंय, सकाळी काही नको’ हा हिशोब कागदावर बरोबर येतो, पानावर चुकतो. फार भूक लागलेला माणूस भराभर खातो आणि मघाची ती पंधरा-वीस मिनिटं उलटायच्या आत दुप्पट खाऊन बसतो. मधुमेहात तर न्याहारी टाळल्यास दुपारच्या जेवणानंतरची साखर नेहमीपेक्षा जास्त चढते असं दिसलं आहे. सकाळी काहीतरी हलकं खावं, शक्यतो प्रथिनांचं: मूग, दही, अंडं चालत असेल तर अंडं. हरतालिकेचा उपास केलेल्या बायका दुसऱ्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात उभ्या असतात आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर तिसऱ्या प्रहरी जेवतात. त्यांना ‘सावकाश खा’ हा सल्ला देण्याआधी घरातल्या पुरुषांनी एक पंगत वाढावी.

जेवल्यावर चालणं याला पर्याय नाही. स्नायू हलू लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता ते रक्तातली साखर ओढून घेतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, वेग फार लागत नाही, मात्र जेवण झाल्यावर लगेच निघायचं, दोन तास लोळून नव्हे. खरं तर घरोघरच्या आरत्यांच्या प्रथेत हे चालणं आपोआप होत असे. आता शेजारच्या वाड्यावरही स्कूटर काढतात.

नाताळ, फेणी आणि गोळ्या

डिसेंबरात शेजारून कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची बशी येते. दोदोल, बोलिन्हा, कुलकुल, डोस, नेवऱ्या, आणि नशीब चांगलं असेल तर बेबिंक. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या बेबिंकात अंड्याचं पिवळं, नारळाचा रस, साखर आणि तूप हे सगळं थरावर थर असतं. ते पातळ कापून खाण्याचंच मिष्टान्न आहे. थर सोडवत सोडवत खाणारी मुलं नकळत बरोबर करतात, त्यांना एक तुकडा पंधरा मिनिटं पुरतो.

फेणीबद्दल मात्र गंभीरपणे. ३० मिलिलिटर फेणीत सुमारे ७० कॅलरी येतात, त्यात गोड सोडा मिसळला की आणखी. पण कॅलरी ही त्यातली लहान गोष्ट. दारू पचवण्याच्या कामात गुंतलेलं यकृत रक्तात नवी साखर सोडू शकत नाही. जो माणूस इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो आणि रिकाम्या पोटी पितो, त्याची साखर काही तासांनी, कधी झोपेत, धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बडबड ही लक्षणं बघणाऱ्याला ‘चढली आहे’ अशी वाटतात. मधुमेही पाहुणा असा दिसला तर आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आग्रह

‘इल्लें तरी खा’ (थोडं तरी खा) म्हणणाऱ्या मावशीला ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठला पदार्थ साखर किती वेगाने चढवतो त्याचा आकडा, समजावून सांगू नये. तिला नकार ऐकू येतो तो पदार्थाला नव्हे, तिला. ‘डाएटवर आहे’ हे शब्द पंगतीत उच्चारले की उरलेला वेळ त्यावरच चर्चा. त्यापेक्षा अर्धी नेवरी मोडून घ्यावी, ती आवडल्याचं मोकळेपणाने सांगावं आणि बशी हातात ठेवून हळूहळू खावी. रिकामी बशी लगेच भरली जाते, अर्धी भरलेली नाही. यजमानांच्या हातात याहून जास्त आहे. त्यांनी नेवऱ्या मुळात लहान आकाराच्या कराव्यात, लाडू सुपारीएवढे वळावेत, बशी वाढून हातात देण्याऐवजी ताट मधे ठेवून ज्याला जे हवं ते घेऊ द्यावं. घरात मधुमेही असेल तर त्याला सगळ्यांसमोर ‘तुला चालत नाही ना’ असं विचारू नये. तो मग हट्टाने खातो.

राहिला डबा. गणपती बऱ्याच घरांत दीड दिवसाचा, काही घरांत पाच किंवा सात दिवसांचा. नेवऱ्यांचा डबा पंधरवडाभर चालतो. रोज चहाबरोबर एक, येता-जाता एक. अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षअखेरच्या सणांच्या आठवड्यांत सरासरी वजनवाढ अर्ध्या किलोपेक्षाही कमी, ०.३७ किलो दिसली. लोकांना स्वतःला ती याहून कितीतरी जास्त वाटत होती. पण ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही, तशीच राहिली. त्यामुळे सणाच्या दिवशी खाल्लेल्या जास्तीच्या घासाची चिंता करण्यापेक्षा तो डबा विसर्जनाआधी वाटून रिकामा करावा. पुढच्या वर्षी शंभरऐवजी साठच करायला घ्याव्यात.

औषधं घेणाऱ्यांनी सणाच्या दिवशी ‘आज गोड आहे, एक गोळी जास्त’ किंवा ‘आज उपास, गोळी नको’ असा निर्णय स्वतः घेऊ नये. चवथीच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवावं, कारण चवथीच्या दिवशी दवाखाना उघडा सापडणार नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा साखर मोजून पाहा आणि काय काय खाल्लं ते शेजारी लिहून ठेवा. फोवांच्या सकाळी पुन्हा एकदा. कुणाला भात जास्त बाधतो, कुणाला पेला, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.